राऊटर कुणाचा?

घरातल्या बहुतेक वस्तूंना कुणीतरी वाली असतो. गॅसचा नंबर कधी लावायचा हे एकाच्या डोक्यात असतं, पाण्याच्या फिल्टरची कँडल कधी बदलली ते दुसऱ्याच्या. मिक्सरचं भांडं, फ्रिजच्या दाराचं रबर, बाल्कनीतला गळका नळ, प्रत्येकाची काळजी वाहणारं माणूस न ठरवता ठरलेलं असतं. राऊटरला असं कुणी नाही. तो दाराच्या चौकटीवर नाहीतर टीव्हीच्या मागे खिळ्याला लटकलेला असतो. नेट गेलं की कुणीतरी स्टुलावर चढतं, बटण बंद करतं, दहा आकडे मोजतं आणि चालू करतं. घराचा त्याच्याशी संबंध एवढाच. त्याच्या आत शिरायचा पासवर्ड कुणाकडे आहे असं विचारलं की उत्तर येतं, ‘नेटवाल्याकडे असेल.’

मी नेटवर्किंगमध्ये काम करते. त्यामुळे आमच्या नेरूळच्या सोसायटीत कुणाचं वायफाय रुसलं की मला हाक येते. अशा घरांत जाऊन जाऊन माझं एक मत पक्कं झालंय. हॅकर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अंधाऱ्या खोलीतला, डोक्यावर टोपी ओढलेला कुणी महाबुद्धिमान येतो. तसे असतात जगात, पण आपल्या घरात शिरायला एवढी बुद्धी खर्च करायची गरजच पडत नाही. आपण राऊटर विकत घेतो किंवा भाड्याने घेतो, त्याचा ताबा मात्र कधी घेतच नाही.

याची सुरुवात जोडणीच्या दिवशीच होते. जोडणी द्यायला येणारी मुलं हुशार असतात आणि घाईत असतात. फायबर आत ओढायची, सिग्नल मोजायचा, डबा भिंतीवर ठोकायचा, मोबाईलवर स्पीड टेस्ट करून दाखवायची आणि पुढचं घर गाठायचं. या सगळ्यात पासवर्डच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं. ‘काका, मोबाईल नंबरच टाकतो, लक्षात राहील.’ काका खूश. नेटवर्कला नाव दिलं जातं घरच्या आडनावाचं, आणि उत्साह जास्त असेल तर पुढे फ्लॅट नंबरसुद्धा. म्हणजे लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या कुणाही माणसाला फोनमध्ये दिसतं की कुठलं वायफाय कुठल्या घरचं आहे, आणि त्या घरचा मोबाईल नंबर खाली नोटीस बोर्डावर समिती सदस्यांच्या यादीत छापलेला असतो.

समजा नंबर ठाऊक नाही. तरी फारसं अडत नाही. फोन वायफायला जोडला जाताना फोन आणि राऊटर यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. पासवर्ड जसाच्या तसा हवेतून जात नाही, पण त्याच्यापासून तयार झालेली एक खूण जाते आणि ती जवळपास बसलेल्या कुणालाही टिपून ठेवता येते. 2018 साली तर असं उघडकीला आलं की बऱ्याच राऊटरांकडून अशी खूण नुसती मागून मिळते, कुणी जोडलं जाण्याची वाटही पाहावी लागत नाही. खूण मिळाली की ती घेऊन घरी जायचं आणि निवांत एकेक पासवर्ड लावून बघायचा. राऊटरला याचा पत्ताही नसतो, त्यामुळे तीनदा चुकलं म्हणून दार बंद होण्याचा प्रश्नच येत नाही.

आता गणित बघा. आपल्याकडे मोबाईल नंबर दहा आकडी असतो आणि 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो. म्हणजे सगळे मिळून 400 कोटी नंबर शक्य आहेत. ऐकायला आकडा प्रचंड वाटतो. पण मुलं गेम खेळायला जे महागडं ग्राफिक्स कार्ड घेतात, ते वायफायचे असे दहा लाख पासवर्ड एका सेकंदात तपासून बघू शकतं. भागाकार करा, तासाभरात भारतातले झाडून सगळे शक्य मोबाईल नंबर लावून होतात.

हा नुसता कागदावरचा हिशोब नाही. 2021 साली एका इस्रायली संशोधकाने तेल अवीवमध्ये फिरून 5,000 वायफाय नेटवर्कांच्या खुणा गोळा केल्या. त्यातली 3,500 हून जास्त त्याने फोडली. त्यातल्याही बहुसंख्य घरांचा पासवर्ड एकाच जातीचा निघाला, आणि तो कुठला हे तुम्ही ओळखलं असेलच. तिथलेही लोक मोबाईल नंबरच ठेवतात. हे वाचल्यावर मला आपल्या नेटवाल्या मुलांचा राग येईनासा झाला. माणसाची जात सगळीकडे सारखीच आळशी.

कुणी वापरलं थोडं वायफाय तर बिघडलं कुठे, असंही लोक विचारतात, आणि पॅक अमर्याद असताना हा प्रश्न अगदीच वेडगळ नाही. त्याचं उत्तर आमच्यापासून दोन स्टेशनांवर आहे. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले, 56 माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा ईमेल आला होता. पोलिसांनी त्या ईमेलचा आयपी पत्ता, म्हणजे तो कुठल्या जोडणीवरून निघाला ते सांगणारा आकडा, शोधत नेला तो थेट सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या दारात. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक, नोकरीनिमित्त नवी मुंबईत आलेला. त्याचे कॉम्प्युटर तपासले गेले, चौकशा झाल्या, देशभरच्या पेपरांत त्याचं नाव झळकलं. शेवटी चित्र स्पष्ट झालं ते असं की, ईमेल पाठवणाऱ्याने त्याचं असुरक्षित वायफाय वापरलं होतं. त्याच्यावर आरोप ठेवले गेले नाहीत, पण त्या दिवसांत त्या कुटुंबावर काय गुदरलं असेल याची कल्पना करा. पुढच्याच महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला, आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून. नंतर 2009 च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन गल्लोगल्ली फिरायचं आणि उघडी वायफाय सापडली की मालकाला ताकीद द्यायची अशी मोहीम जाहीर केली.

आयपी पत्त्याचा खाक्या असा की घरात फोन कितीही असोत, बाहेरच्या जगाला त्या सगळ्यांचा एकच पत्ता दिसतो, राऊटरचा. कंपनीच्या दप्तरी त्या पत्त्यासमोर नाव असतं ज्याने आधार कार्ड देऊन जोडणी घेतली त्याचं. ईमेल कुणी लिहिला हे त्या दप्तरात नसतं. त्यामुळे पोलीस येतात ते जोडणी ज्याच्या नावावर त्याच्याकडे, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तिथेच गेलो असतो. तेव्हापासून तंत्र बरंच सुधारलं, हे खरं. त्या काळी चालणारी डब्ल्यूईपी नावाची कुलूपपद्धत 2007 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मिनिटभराच्या आत उघडून दाखवली होती. आज डब्ल्यूपीए-2 बहुतेक घरांत आहे, नव्या डब्यांत डब्ल्यूपीए-3 सुद्धा. हा तिसरा प्रकार चांगला आहे, कारण त्यात खूण घरी नेऊन निवांत फोडता येत नाही. प्रत्येक अंदाज राऊटरसमोर उभं राहूनच लावावा लागतो. तुमच्या डब्यात तो पर्याय असेल आणि घरातले फोन फार जुने नसतील, तर तोच निवडा.

तळमजल्यावरच्या काकांकडे मी गेले ती वेगळ्याच तक्रारीवरून. ‘नेट संध्याकाळी रडतं’ असं काकूंचं म्हणणं. काका बँकेतून निवृत्त झालेले. दाराला आतून दोन कड्या आणि एक साखळी, एटीएमचा पिन काकूंनासुद्धा सांगितलेला नाही. मी लॅपटॉप उघडून ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकलं, म्हणजे राऊटरच्या आतल्या पानाचा पत्ता. पान आलं, नाव आणि पासवर्डचे दोन रिकामे रकाने. दोन्हीकडे ‘ॲडमिन’ टाकलं आणि आत. काका चष्मा पुसत मागे उभे होते. ‘एवढंच?’ ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं की धसका, मला ठरवता आलं नाही.

जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली तेव्हा घरात माणसं दोन आणि यादी पडद्यावरून खाली वाहत होती. काकांनी पेन्सिल घेतली, जुन्या पासबुकाच्या पाठकोऱ्या पानावर खुणा करू लागले. त्यांचा फोन. काकूंचा फोन. टीव्ही. मुलीचा जुना टॅब, काकू त्यावर प्रवचनं ऐकतात. मग एक आयफोन आला. काकू आतून म्हणाल्या, ‘अगं, तो वरचा मुलगा. गणपतीत आरतीला आला होता, तेव्हा मागितला पासवर्ड. नाही कसं म्हणणार?’ तो मुलगा घर सोडून गेला होता, आता तिथे दुसरी दोघं राहत होती. म्हणजे आयफोन त्यांच्यातल्या एकाचा. जाणाऱ्याने येणाऱ्याला गॅसवाल्याचा, दूधवाल्याचा आणि काकांच्या वायफायचा असे तिन्ही नंबर देऊन ठेवले असणार.

त्याखाली एक विचित्र नाव होतं, नुसती अक्षरं आणि आकडे. प्रत्येक उपकरणाला मॅक पत्ता नावाचा ओळख क्रमांक असतो, त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ते बनवणारी कंपनी कळते. ही कंपनी कॅमेरे बनवणारी होती. ‘आमच्याकडे कॅमेरा नाही,’ काका म्हणाले. काकू दार उघडून बाहेर गेल्या आणि समोरच्या फ्लॅटच्या दारावर लागलेल्या, निळा ठिपका लुकलुकणाऱ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून आल्या. तो बसवायला माणूस आला त्या दिवशी समोरच्यांचं नेट बंद होतं. त्यांनी काकांकडे पासवर्ड मागितला, माणसाने तोच कॅमेऱ्यात टाकला. पुढे त्यांचं नेट सुरू झालं, पण कॅमेऱ्याला ते कुणी सांगितलं नाही. रात्रंदिवस समोरच्यांच्या दाराचं चित्रण काकांच्या पैशाने कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर जात होतं. दोन नावं मात्र उरली, ती कुणाच्याच ओळखीची निघाली नाहीत.

अशा ठिकाणी मी डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा, रकाना सर्वांत आधी बघते. आपण बँकेच्या साइटचं नाव टाइप करतो तेव्हा त्या नावाचा आयपी पत्ता कोणता हे राऊटरने नेमून दिलेल्या सर्व्हरला विचारलं जातं. तो सर्व्हर बदलला, की नाव बँकेचं टाइप केलं तरी पान भलत्याच ठिकाणचं उघडू शकतं, आणि फोनमधल्या अँटिव्हायरसला त्यात काही वावगं दिसेलच असं नाही. ब्राझीलमध्ये 2011-12 च्या सुमारास हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. 45 लाखांच्या आसपास मोडेममध्ये चोरांनी डीएनएस बदलून ठेवला होता. काकांचा सर्व्हर सुदैवाने कंपनीचाच होता.

‘ॲडमिन-ॲडमिन’ हे प्रकरण मात्र मला वायफायच्या पासवर्डपेक्षा गंभीर वाटतं. वायफायचा पासवर्ड फोडायला माणसाला निदान जिन्यात यावं लागतं. राऊटरच्या आतल्या पानाचं दार बाहेरच्या इंटरनेटकडे उघडं राहिलं असेल, तर जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून ठोठावता येतं, आणि ठोठावणारा माणूसही नसतो. 2016 मध्ये मिराई नावाचा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर फिरत होता. त्याच्याकडे होती कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी, दुसरी कसलीही करामत नाही. तेवढ्या यादीच्या जोरावर त्याने लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. त्यांच्या एकत्रित माऱ्याने ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकेतल्या अनेक मोठ्या साइट काही तास कोलमडल्या. लिहिणारे तिघे विशीच्या आसपासचे अमेरिकन तरुण निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत मिराईच्याच एका भावंडाने डॉइश टेलिकॉमच्या 9 लाख ग्राहकांची जोडणी ठप्प केली. आपल्याकडे जुलै 2017 मध्ये बीएसएनएलचे हजारो मोडेम डीफॉल्ट पासवर्डमुळे अशाच एका हल्ल्याला बळी पडले आणि ग्राहकांना पासवर्ड बदलायचं आवाहन करावं लागलं. त्या मोडेमच्या मालकांपैकी कितीजणांना तोपर्यंत माहीत होतं की मोडेमला स्वतःचा वेगळा पासवर्ड असतो?

काकांच्या डब्याच्या पाठीवर एक बटण होतं, डब्ल्यूपीएस असं लिहिलेलं, आणि शेजारी आठ आकडी पिन छापलेला. पासवर्ड टाइप करायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी केलेली ही सोय. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, सुरक्षित वाटावं असंच. पण त्यातला आठवा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राऊटर पहिले चार बरोबर आहेत की नाही हे वेगळं सांगून टाकतो. म्हणजे आधी चार आकड्यांच्या दहा हजार शक्यता, मग उरलेल्या तिघांच्या एक हजार. दहा कोटींचे अकरा हजार झाले. 2011 च्या डिसेंबरमध्ये एका ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने हे जगाला दाखवलं. नंतरच्या राऊटरांत चुकीच्या पिननंतर थांबायला लावणं वगैरे डागडुजी झाली. मी मात्र डब्ल्यूपीएस दिसलं की बंद करते, चर्चा करत बसत नाही.

नेटवर्कचं नाव लपवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. नाव लपवलं की उलट घरातले फोन जिथे जातील तिथे त्या नावाने हाका मारत फिरतात. मॅक पत्त्याची गाळणी लावा, म्हणजे यादीतल्या उपकरणांनाच आत घ्या, असंही काहीजण सांगतात. ती म्हणजे आमच्या गेटवरच्या वहीसारखी. येणारा जो फ्लॅट नंबर सांगेल तो वॉचमन लिहून घेतो आणि आत सोडतो. मॅक पत्ता हवेतून उघडा जातो आणि कुणालाही उसना घेता येतो.

वेळ घालवायचा तो फर्मवेअरवर, म्हणजे राऊटरच्या आतल्या प्रोग्रॅमवर. फोन दर महिन्याला अपडेट मागतो, राऊटर बिचारा काही मागत नाही. कंपनीने दिलेला डबा असेल तर कंपनी दुरून त्यात फेरबदल करते, आपल्या हातात फारसं काही नसतं. स्वतः विकत घेतलेला असेल तर आतल्या पानावर जाऊन बघावं लागतं, आणि बनवणाऱ्याने अपडेट देणं बंद केलं असेल तर डबा चालू स्थितीत असला तरी बदलावा. हे ऐकलं की लोक नाराज होतात. ‘चालतोय की चांगला’ हा आपला आवडता युक्तिवाद. मे 2018 मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घुसखोर प्रोग्रॅम उघडकीला आला तेव्हा तो 54 देशांतल्या किमान 5 लाख उपकरणांत शिरलेला होता आणि त्यात अशाच चांगल्या चालणाऱ्या राऊटरांचा भरणा होता. तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना अधिकृत सल्ला काय दिला असेल? राऊटर बंद करून पुन्हा चालू करा. आमच्या घराघरांतल्या उपायाला एवढी मोठी मान्यता त्याआधी मिळाली नव्हती. अर्थात त्याने तो प्रोग्रॅम पुरता जात नव्हता, मुळाचा भाग आत राहतच होता.

काकांकडे मी आतल्या पानाचा पासवर्ड बदलला, बाहेरून राऊटर चालवायची सोय बंद केली, नावातून आडनाव काढलं. वायफायचा नवा पासवर्ड त्यांनाच ठरवायला सांगितला. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले चार मराठी शब्द, रोमन अक्षरांत, कारण देवनागरी तिथे चालत नाही. 63 अक्षरांपर्यंत जागा असते, कंजुषी करायचं कारण नाही. काकांनी खूप वेळ घेतला. पहिला प्रयत्न गणपतीच्या चार नावांचा होता, तो मी नाकारला. दुसऱ्या प्रयत्नात जे शब्द निघाले त्यांत एका भाजीचं नाव होतं आणि काकांच्या पहिल्या ब्रँचच्या गावाचं. गाव काढायला लावलं. मग जमलं. दोन्ही पासवर्ड त्यांनी ज्या वहीत एफडीच्या तारखा लिहितात त्या वहीत लिहिले. पासवर्ड कागदावर लिहू नये असं सांगणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. इंटरनेटवरचा चोर काकांच्या कपाटातली वही वाचू शकत नाही, आणि लिहिण्याची मुभा मिळाली की माणूस लांबलचक पासवर्ड ठेवायला तयार होतो.

आता काकूंचा मुद्दा. कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी बारावीला. घरात जागा नाही, आवाज फार, म्हणून संध्याकाळी काकूंच्या हॉलमध्ये नाहीतर जिन्यात बसून ती व्हिडिओ बघून अभ्यास करते. लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली तेव्हापासूनची ही सवय, ओळख न पाहता पासवर्ड वाटण्याचा तो काळ होता आणि वाटला हे चांगलंच झालं. ‘तिचं काय?’ काकूंनी विचारलं.

त्यासाठी गेस्ट नेटवर्क असतं. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि त्यावरच्या फोनला घरातला टीव्ही किंवा काकांचा लॅपटॉप दिसत नाही. हवं तेव्हा त्याचा पासवर्ड बदलता येतो आणि घरातल्या कुणाला काही त्रास होत नाही. मी ते सुरू करून दिलं. काका मात्र बँकेतले. ते मुद्द्यावर आले. ‘म्हणजे गेस्टवरून कुणी काही केलं तर पत्ता वेगळा दिसणार?’

‘नाही काका. बाहेर पत्ता तुमचाच जाणार. नाव तुमचंच.’

काका गप्प झाले. सानपाड्याची गोष्ट मी त्यांना मघाशीच सांगून बसले होते.

‘मग तिला एकटीला द्यायचा,’ काकू म्हणाल्या. ‘तिला मी तीन वर्षांची असल्यापासून बघते आहे. आरतीला येणाऱ्यांना प्रसाद मिळेल, पासवर्ड नाही.’

काकांनी वहीत गेस्टच्या पासवर्डपुढे त्या मुलीचं नाव लिहिलं आणि तारीख घातली, कर्जाच्या फाइलीवर घालावी तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्यांनी बेल वाजवली. त्यांचा कॅमेरा रात्रीपासून बंद होता. काकांनी त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि त्यांच्याच नेटवाल्याचा नंबर लावून दिला.